न दिसण्याचा रंग

नेव्हिलने शेकोटीतली मूठभर थंड राख उचलली आणि हिरव्या फडक्यावर चोळली.

"असं दिसेल ते हेलिकॉप्टर," तो म्हणाला. "सैन्याचा हा बिनचकाकीचा रंग पाच उन्हाळे सोसले की भुकटी होतो. हिरवा, तपकिरी, काळा, सगळ्याचं एकच पांढुरकं. तुमची माणसं हिरवं शोधत बसली तर जन्मात सापडायचं नाही. पांढुरकं शोधा."

शोधपथकाचा प्रमुख हॅल्पिन याने फडकं उजेडात धरून पाहिलं आणि पुढच्याच्या हातात दिलं. धावपट्टीच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमलेल्या सगळ्यांनी ते आळीपाळीने पाहिलं. एकतीस वर्षं सैन्याची हेलिकॉप्टरं रंगवलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

हरवली होती ती त्याची मुलगी, ब्रॉनी. रानात पांगलेली गुरं हवेतून हाकून आणायची हे तिचं काम. आदल्या दुपारी निघाली ती परतलीच नाही. संकटात आपोआप संदेश धाडणारी पेटीही गप्प होती. आणि हेलिकॉप्टर कुठलं, तर सैन्याने निवृत्त केलेलं, खुद्द नेव्हिलच्या हातचे पट्टे अंगावर असलेलं.

त्याच हेलिकॉप्टरवरून बापलेकीचं बिनसलं होतं. लिलावाच्या दिवशी तो तिला म्हणाला होता, "गुरांसाठी दोन माणसांचं चिमुकलं घे. हे टेहळणीचं धूड आहे, इंधन ढोसेल आणि वळायला मैदान मागेल. कामाला साजेल ते घ्यावं, मनाला भावेल ते नाही." तिने बोलीसाठी हात वर केला. नेव्हिल तिथून तडक निघून आला. पुढे पाच वर्षं दोघंही हट्टाला पेटलेली. नाताळला ती फोन करायची, हा हवापाण्याचं विचारायचा आणि ठेवून द्यायचा. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. टाउन्सव्हिल शहरातल्या घरात तो एका कपाचा चहा करायचा आणि ओट्याशी उभ्यानेच प्यायचा. एकटेपणा त्याला आतून खात होता, पण तसं कुणाला सांगणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

पहिला दिवस शोधात गेला आणि सगळे हात हलवत परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही तेच. शोधपथकाच्या मोठ्या वेगवान हेलिकॉप्टरमध्ये अंगाची ऊब टिपणारा कॅमेरा होता, पण उन्हात तापलेला एकेक खडक माणसापेक्षा गरम, तिथे तो तरी काय सांगणार! हॅल्पिन फोनवर आणखी मोठं विमान मागायला लागला.

"मोठं नको," नेव्हिल म्हणाला. "रखडत उडेल असं बघा. पंख डोक्यावर असलेलं, म्हणजे खालचं दिसेल. आणि ऊन कलल्यावर निघा. रंगाने आकार लपवता येतो, सावली नाही."

"मग माझ्या खटाऱ्याने काय घोडं मारलंय?" शेडच्या दारातून आवाज आला. शेजारच्या गुरांच्या मळ्याची मालकीण ऑड्री. सत्तरी उलटली तरी स्वतःचं विमान स्वतः उडवायची. "पाखरं ओलांडून पुढे जातात त्याला."

चार वाजता दोघं निघाली. खाली लाल माती, विरळ झाडं, कोरडी नदी. नेव्हिल काचेला कपाळ टेकून बसला होता.

"ओकायचं असेल तर टोपीत ओक हं. सीट परवाच पुसलीय."

"नाही ओकत."

"तोंड तर हिरवंगार पडलंय. ते कुणी रंगवलं?"

तो हसला नाही, तशी ऑड्रीने विमान आणखी खाली घेतलं.

पांढुरकं पुष्कळ दिसत होतं. वाळवीची वारुळं, वठलेली झाडं, कधीचा पडलेला गुरांचा सांगाडा. दर वेळी तो बोट दाखवायचा आणि दर वेळी ते दुसरंच काही निघायचं. सूर्य खाली आला, सावल्या लांबल्या. आणि मातीवर त्याला दोन सरळ काळ्या रेषा दिसल्या. रानात इतकं सरळ काही नसतं.

"थांब!"

"अरे, बस आहे का ही?" म्हणत ऑड्रीने विमान वळवलंही होतं.

पात्यांची सावली होती ती, पण सावलीचा धनी काही दिसेना. तिसऱ्या फेरीला दिसलं. झाडीत कलंडलेलं हेलिकॉप्टर, गर्द हिरवं, गर्द तपकिरी, एवढंसंही न विटलेलं. फुटलेल्या काचेतून एक हात बाहेर आला आणि हलला.

ऑड्रीने रेडिओवर ठिकाण सांगितलं. मग मांडीवरच्या नकाशाकडे बघून म्हणाली, "इथे तर काल शोधून झाल्याच्या दोन फुल्या आहेत, नेव्हिल." त्याने मान हलवली. फुल्या त्याला दिसल्या होत्या.

अंधार पडायच्या आत ब्रॉनीला स्ट्रेचरवरून धावपट्टीवर आणलं. ओठ फुटले होते, डावा पाय गुंडाळलेला होता. "पाय यंत्राखाली फार वेळ अडकला होता," डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाली. "काल मिळाली असती तर पाय वाचेल असं मी खात्रीने बोलले असते. आता शस्त्रक्रियेनंतरच कळेल."

तो स्ट्रेचरजवळ गेला.

"काल दोनदा डोक्यावरून गेले," ब्रॉनी म्हणाली. "मी ओरडत होते."

"मीच त्यांना पांढुरकं शोधायला सांगितलं. मला वाटलं, रंग उडाला असेल."

"दर हिवाळ्यात मारते की. तुझ्याच रेषांवरून." तिने डोळे मिटले. "तुझं तेवढंच होतं माझ्याजवळ. उडू कसं देणार?"

रुग्णविमानात सोबतीला एकच जागा होती. ऑड्रीने त्याला पाठीवर हात ठेवून आत ढकललं. विमान वर उठलं तेव्हा त्याने लेकीचा हात हातात घेतला. नखांच्या कडांना हिरवा रंग चिकटला होता, ह्याच हिवाळ्यातला. आपल्या अंगठ्याच्या नखाने तो रंग हळूहळू खरवडायला लागला. एक बोट झालं, दुसरं झालं. डोळ्यांतलं पाणी तिच्या मनगटावर पडत होतं, ते त्याने पुसलं नाही.

तिने हात सोडवून घेतला नाही. फक्त बोटं मिटली.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली.