धुऊन आणलेला डबा

मी सरोजचा डबा बोलतोय. तीन कप्प्यांचा, स्टीलचा, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव कोरलेला. सरोजला ठाण्याला, नौपाड्यातल्या एका प्रसूतिगृहात नर्सची नोकरी लागली, तेव्हा तिच्या सासूने, मंजुळाबाईने, मला कल्याणच्या बाजारातून आणलं.

मंजुळाबाई कोळीण. बाजारात मासळी विकायची, पण टोपलीतली चांगली कोळंबी आधी सुनेसाठी बाजूला काढायची. मला ती दाबून दाबून भरायची. झाकण लागत नसलं, तरी अजून एक तुकडी कोपऱ्यात सरकवायचीच.

सरोजही मन लावून जेवायची. पण त्र्याण्णव साली तिचं वजन अठ्ठ्याऐंशी किलोवर गेलं. जिने चढताना गुडघे धरायचे, रक्तातली साखर वाढू लागली. प्रसूतिगृहाजवळच्याच एका डॉक्टरीणबाईंनी तिला भूक कमी करणारी गोळी लिहून दिली. सोबत काय आणि किती खायचं, त्याचा एक कागदही दिला. गोळी सरोजने नेमाने घेतली. कागदाची घडी काही तिने पुन्हा उलगडली नाही.

पहिल्या आठवड्यात मी अर्धा रिकामा होऊ लागलो. मग तेवढाही नाही. दुपारी झाकण उघडलं की वासानेच तिचं तोंड फिरायचं. कपभर चहा घेऊन ती मला कचऱ्याच्या बादलीत उपडं करायची आणि साबणाने घासून, पुसून पिशवीत ठेवायची.

संध्याकाळी मंजुळाबाई मला हातात घ्यायची.

"जेवलीस ना गो?"

"सगळं संपवलं, आई."

हे चार महिने चाललं. वजन चौदा किलोंनी उतरलं, ओळखीच्या बायका कौतुक करू लागल्या. इकडे फणीत केसांचे पुंजके यायला लागले. खुर्चीतून उठलं की सरोज आधी भिंतीला हात लावायची. नर्सला हे कळत नव्हतं थोडंच? पण चार घास पोटात गेले तर काटा पुन्हा वर सरकेल, ही भीती तिच्या मनात घट्ट बसली होती.

एका दुपारी नर्सांच्या खोलीत ती मला बादलीवर धरून उभी होती. कोळंबीचं कालवण अजून कोमट होतं. इतक्यात रंभा आत आली. रंभा तिथली जुनी आया. तिच्या हातात तासाभरापूर्वी जन्मलेली मुलगी होती.

"सरोज, हिला धर जरा. मी चादर बदलून आले."

सरोजने मला ओट्यावर ठेवलं, हात धुतले आणि मुलीला घेतलं. रंभा दारापर्यंत पोचली असेल-नसेल, सरोजचे डोळे एकाएकी निर्जीव झाले.  तिने पाठ भिंतीला टेकवली, मुलीला छातीशी आवळलं आणि ती घसरत खाली येऊ लागली. तिच्या हातांची पकड सैल होताना मला दिसत होती. ओट्यावरून मी काय करणार होतो?

"रंभा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

रंभा वळली आणि गुडघ्यांवर पडत तिने मुलीला झेललं. मुलगी जोरात रडली. त्या रडण्याने मला हायसं वाटलं.

मुलीला तिच्या आईजवळ ठेवून आल्यावर, सरोजला पाणी पाजताना रंभाचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिन्ही कप्पे काठोकाठ भरलेले.

"कधीपासून चाललंय हे?"

सरोजने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून तिच्यापुढे धरली. रंभाने एका हाताने तिला धरलं, दुसऱ्या हाताने मला उचललं आणि थेट जवळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन ठेवलं.

बाईंनी आधी सरोजची नाडी बघितली, मग माझ्यात डोकावल्या. "मी भूक कमी करायला गोळी दिली होती, जेवण बंद करायला नाही. तुला भूक लागत नसली तरी अंगाला अन्न लागतंच. आता गोळी बंद. आधी तुझं रक्त तपासू."

"मग खायचं किती? जातच नाही."

"थोडं थोडं, चार वेळा, घड्याळ बघून. भुकेची वाट बघायची नाही. आधी मासा, अंडं नाहीतर उसळ. मग भाजी. पोटात जागा उरली तर भाकरी. आणि दिवसभर पाणी."

त्या संध्याकाळी सरोजने मला न धुता, भरलेलं तसंच घरी नेलं. मंजुळाबाई चुलीपुढे बसली होती. सरोजने मला तिच्यासमोर ठेवून झाकण काढलं.

"आई, चार महिने मी डबा टाकत होते. आज माझ्या हातातून एक बाळ पडलं असतं."

मंजुळाबाईने मला जवळ ओढून तिन्ही कप्पे उघडून पाहिले.

"मना सांगायचं नाय व्हतं?"

"तुम्ही एवढ्या मायेने भरता. कसं सांगू?"

म्हातारीने पदराने डोळे पुसले. "किती जाईल, तेवढंच सांग. तेवढंच भरन."

दुसऱ्या दिवशी मी निम्मा हलका होतो. वर मुगाची उसळ, मधे मासळीच्या दोन तुकड्या, खाली अर्धी भाकरी. रंभा समोर बसून राहिली. पहिला घास सरोजने कितीतरी वेळ चावला. एक तुकडी संपायला वीस मिनिटं लागली, पण संपली.

महिन्या-दोन महिन्यांनी, बाईंच्या देखरेखीखाली, गोळी कमी प्रमाणात पुन्हा सुरू झाली आणि पुढे सुटली. वजन दोन किलो वाढून शहात्तरवर थांबलं. सरोज काही बारीक झाली नाही, पण जिने चढू लागली.

आता नव्वदचं दशक सरत आलंय. माझी कडी तुटली, म्हणून मी फळीवर असतो. माझ्या वरच्या कप्प्यात मेथ्या आहेत, खालच्यात सुके बोंबील. तुमच्या घरात कुणाची भूक गेली असेल, तर त्याचं ताट दाबून भरू नका. शेजारी बसा. एक वाटी खायला त्याला अर्धा तास लागला, तरी उठू नका.