अब्दुल मुअतींची दाद

माझ्या बहिणीच्या घरी कित्येक महिने नरजिसबाईंची एकच रेकॉर्ड वाजत होती, आणि तेवढ्या महिन्यांत बाईंना एकदाही तोंड उघडायला मिळालं नव्हतं.

आमच्याकडचं अरबी गाणं म्हणजे पोरखेळ नव्हे. आधी सहा-सात मिनिटं वादक मंडळी आपापली हौस फेडून घेतात, आणि सगळ्यांचं समाधान झालं की मग बाई खुर्चीतून उठून माइकपाशी येतात. पण रिफअत दाजींच्या घरी सहा-सात मिनिटं होती कुणाला? तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी हात वर करून "थांबा!" म्हणायचं, की पिन उचलली, व्हॉल्व्ह बदलला, पुन्हा पहिल्यापासून. बाई बिचाऱ्या खुर्चीतच.

रिफअत दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, फिक्रियाताईचे, यजमान. तीस वर्षं बोटींवर वायरलेस ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर इतर लोक मासे धरतात किंवा कॅफेत बसून सरकार पाडतात. दाजींनी व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्या तापवून आवाज मोठा करणारा, जुना ॲम्प्लिफायर घेतला. आमच्या शहरातल्या इब्राहिमिय्या भागातलं जुनं थिएटर पाडलं, तेव्हा भंगारवाला तो हातगाडीवरून नेत होता. अठ्ठावीस किलोचं धूड, वर कबुतरांची शिट, आत उंदरांचं बाळंतपण झालेलं. दाजींनी त्याला नवरी मुलगी आणावी तसं तिसऱ्या मजल्यावर आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. ताई त्या दिवसापासून मांडीवर ताट घेऊन जेवते.

मग जीर्णोद्धार सुरू झाला. सगळे कंडेन्सर सुकलेले, ते काढून नवे घातले. ट्रान्सफॉर्मर जळलेला, तो अत्तारीन बाजारातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून पुन्हा गुंडाळून घेतला; त्याला आठ महिने लागले, कारण त्याला दिवसाला तारेचे जेमतेम दीडशे वेढे मोजता येत आणि मध्ये कुणी सलाम केला की पुन्हा एकपासून. सोल्डरिंगच्या धुरानं ताईचे पडदे पिवळे पडले. एकदा चारशे व्होल्टचा झटका बसून दाजी कपाटावर आदळले आणि ताईच्या माहेरच्या सहा कपबश्या फुटल्या. ताई किंचाळत धावली. दाजींनी जमिनीवरूनच विचारलं, "व्हॉल्व्ह शाबूत आहेत ना?"

चौथ्या वर्षी ॲम्प्लिफायर बोलू लागला. खोटं कशाला सांगू, दिवा मालवून व्हॉल्व्हमधल्या त्या लालसर तारा पेटलेल्या पाहिल्या की मलाही गहिवरून यायचं. पण दाजी तेवढ्यावर थांबतील तर ते दाजी कसले! शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की मंडळी जमायची. एक वहबा, औषधाच्या दुकानाचे मालक. यांच्या घरी तीन ॲम्प्लिफायर आणि बायको माहेरी. दुसरे कर्नल इस्मत, तोफखान्यातून निवृत्त. एक कान तोफांनी नेलेला, पण उरलेल्या कानावर त्यांचा दोन कानांएवढा विश्वास. तिसरा मी. मला काही कळत नव्हतं, पण मधूनमधून डोळे मिटून "बेस गोल आहे" म्हटलं की ताईच्या हातच्या, भात भरलेल्या द्राक्षपानांच्या गुंडाळ्या मिळायच्या.

त्या वर्षी दमनहूरहून बहीगा मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली. आमच्या आईची धाकटी बहीण, वय एकोणऐंशी. एका डोळ्यावर पट्टी बांधून आतल्या खोलीत पडली होती. शुक्रवारी दाजींनी रेकॉर्ड लावली आणि दोनच मिनिटांत मावशी भिंतीला धरत धरत बाहेर आली.

"अरे, हा तर समुद्राकाठच्या थिएटरातला जलसा!" ती म्हणाली. "मी होते तिथं. चौथ्या रांगेत."

"बसा मावशी," दाजी म्हणाले, आणि पिन उचलली. वहबांना वरच्या पट्टीत वाळूसारखी खरखर जाणवली होती.

"बंद का केलंत, जावईबापू? अजून तर बाई उठल्यासुद्धा नाहीत."

"व्हॉल्व्ह बदलतो आहे."

मावशी बसली. व्हॉल्व्ह बदलेपर्यंत तिनं आम्हाला सगळी हकीकत सांगितली. तिचे यजमान अब्दुल मुअती कापसाच्या गिरणीत कारकून होते. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा त्यांनी पगार साठवून दोन तिकिटं काढली. जलसा रंगात आला, बाईंनी एक ओळ अशी घेतली की सगळं थिएटर गप्प झालं, आणि अब्दुल मुअती, जे घरात मीठ हवं असलं तरी हातानं खूण करायचे, ते खुर्चीवर उभे राहून ओरडले. बाई हसल्या आणि त्यांनी ती ओळ पुन्हा घेतली.

"ते ओरडणं रेकॉर्डवर आलंय," मावशी म्हणाली. "दुसऱ्या बाजूला. नवी निघाली तेव्हा शेजारच्यांकडे ऐकली होती आम्ही. पुढं बाजारात कॅसेट आली ती मी घेतली, तर मेल्यांनी लोकांचे सगळे आवाज पुसून टाकलेले. माणसं गेली की त्यांचं सगळंच पुसायचं का रे? ते जाऊन बावीस वर्षं झाली. एकदा ऐकवा मला."

"ऐकवतो की! त्यात काय?" दाजी म्हणाले. मनापासून म्हणाले. आणि नवा व्हॉल्व्ह घालून पहिल्या बाजूची पहिली तीन मिनिटं लावली.

त्या शुक्रवारी व्हॉल्व्हच्या तीन जोड्या तपासून झाल्या. पुढच्या शुक्रवारी मावशी आधीच येऊन खुर्चीत बसली, चांगला काळा झगा घालून, गळ्यात सोन्याची साखळी. वहबांनी नवी वायर आणली होती, करंगळीएवढी जाड. ती लावून ऐकली, काढून ऐकली, उलटी लावून ऐकली. कर्नलसाहेबांचं मत पडलं की उलटी लावल्यावर व्हायोलिनं एक पाऊल मागं सरकतात.

"व्हायोलिनवाले मरून गेले सगळे," मावशी म्हणाली. "मागं सरकून सरकून कुठं जाणार आहेत? दुसरी बाजू लावा की."

"मावशी, ॲम्प्लिफायर अजून मोकळा झालेला नाही," दाजींनी तिला समजावलं. "नवे कंडेन्सर आहेत. दोनशे तास चालावं लागतं, मग आवाज खुलतो."

"आणि किती झाले?"

"एकशे दहा."

"जावईबापू, मी एकोणऐंशीची आहे. हा खुलेपर्यंत मी मिटले तर?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि लाज वाटू नये म्हणून डोळे मिटून म्हणालो, "बेस मात्र गोल झालाय हं." ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गुंडाळीला हात लावला नाही.

तिसरा शुक्रवार हा मावशीचा शेवटचा. पट्टी निघाली होती, शनिवारी सकाळच्या गाडीनं ती दमनहूरला परत जाणार होती. ती पुन्हा तोच झगा घालून येऊन बसली, पण या खेपेला दाजींकडे न पाहता काठीशी चाळा करत राहिली. दाजींनी रेकॉर्ड लावली. वादक सुरू झाले. पहिलं मिनिट, दुसरं मिनिट. तिसऱ्याला कर्नलसाहेबांचा हात वर गेला.

"थांबा! डावीकडे काहीतरी..."

"हात खाली," ताई म्हणाली.

आम्ही वळून पाहिलं. ताई बाल्कनीच्या दारात उभी होती. तिच्या हातात दाजींच्या सुट्या व्हॉल्व्हची लाकडी पेटी होती, चार वर्षं बोटीवरच्या लोकांकडून एकेक करून जमवलेली, प्रत्येक व्हॉल्व्ह कापसात निजवलेला. तिनं ती शांतपणे बाल्कनीच्या कठड्यावर ठेवली. खाली तिसऱ्या मजल्याएवढी हवा आणि मग ट्रामचे रूळ.

"अगं!" दाजी अर्धवट उठले.

"बसा. दुसरी बाजू संपेपर्यंत कुणी त्या पिनेला हात लावला, कुणी 'थांबा' म्हटलं, कुणाला वाळू दिसली की डावीकडे काही ऐकू आलं, की पेटी खाली जाईल. मी चार वर्षं मांडीवर ताट घेऊन जेवतेय. माझा हात मागं यायचा नाही."

"वहिनी, त्यात युद्धापूर्वीचे व्हॉल्व्ह आहेत हो!" वहबा रडकुंडीला येऊन म्हणाले.

"मग गप्प बसायला शिका, वहबाभाई."

चौघं पुरुष शाळेतल्यासारखे हात मांडीवर ठेवून बसलो. तिसरं मिनिट गेलं, चौथं गेलं. आम्ही चौघांनीही कधी न ऐकलेला मुलूख सुरू झाला होता. कानून नावाचं तंतुवाद्य वाजवणाऱ्यानं एकट्यानं काहीतरी इतकं नाजूक वाजवलं की दाजींची मान आपोआप हलली. मग त्यांना पेटी आठवली आणि ती थांबली. सातव्या मिनिटाला टाळ्या उसळल्या, आणि बाई गाऊ लागल्या.

कर्नलसाहेब थोडा वेळ ऐकत राहिले. मग माझ्या कानाशी वाकून कुजबुजले, "समीह, बऱ्या गातात की या."

पहिली बाजू संपली. ताईनं खूण केली तशी दाजींनी उठून रेकॉर्ड उलटली. दुसरी बाजू कारखान्यातून आली तशी कोरी करकरीत होती, तिच्यावर एक चरा नव्हता. पिन टेकली. मावशी दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवून पुढं झुकली.

बाई ती ओळ घोळवत होत्या. पुन्हा घेतली, दुसऱ्या वाटेनं नेली, लोक कण्हल्यासारखे "अल्लाह" म्हणत होते. मग त्यांनी ती ओळ वर नेऊन सोडून दिली, थिएटर गप्प झालं, आणि त्या शांततेत एक बारीक, चिरका, फाटका आवाज ओरडला, "अल्लाह! परत, बाई! दमनहूरच्या नावानं परत!"

बाई हसल्याचं स्पष्ट ऐकू आलं, अगदी श्वासासकट. आणि त्यांनी ओळ परत घेतली.

मावशी रडेल म्हणून ताई पेटी सोडून तिच्याकडे धावली. मावशी रडली नाही. ती रागावली होती.

"ऐकलंस? घसा कसा बसलाय बघ! थिएटरच्या दारात बर्फातला उसाचा रस प्यायले हे. मी म्हटलं, नका पिऊ. ऐकतील तर शपथ." मग म्हणाली, "परत लावा, जावईबापू."

दाजींनी पिन उचलून अचूक जागी टेकवली. बोटीवर तीस वर्षं आवाज हुडकण्यात गेलेला माणूस, जागा चुकली नाही. अब्दुल मुअती पुन्हा ओरडले. तिनं आणखी एकदा लावायला सांगितलं. कठड्यावरच्या पेटीजवळ आता कुणीच नव्हतं, पण उठून ती घ्यायचं दाजींना सुचलं नाही. तिसऱ्या वेळी ते चष्मा पुसत होते. मला म्हणाले, सोल्डरिंगचा धूर गेला डोळ्यांत. त्या दिवशी सोल्डरिंग आयर्न भिंतीतल्या प्लगला लावलेलंसुद्धा नव्हतं.

मग बाजू शेवटपर्यंत वाजू दिली. संपल्यावर मावशीनं विचारलं, जेवणात काय आहे.

शनिवारी दाजी स्वतः तिला स्टेशनवर पोचवायला गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी दुसरी बाजू एका कॅसेटवर भरून दिली होती, आणि चाळीस मिनिटं तिला समजावलं होतं की कॅसेटमध्ये खरा आवाज येत नाही. मावशी म्हणाली, खरा माणूस तरी कुठं येणार आहे?

आता एवढ्यानं आमची मंडळी सुधारली असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं व्हॉल्व्हवाली माणसं पाहिलेली नाहीत. पुढच्या शुक्रवारी वहबा आणि कर्नल पुन्हा हजर. फरक एवढाच की आता पहिल्या बाजूची तीन मिनिटं लागत नाहीत, दुसऱ्या बाजूची दोन लागतात. ॲम्प्लिफायर पारखायला अब्दुल मुअतींच्या आरोळीसारखं दुसरं काही नाही, असा शोध वहबांना लागला आहे. म्हणे, फाटका आवाज जिथं फाटका ऐकू येतो आणि शिवाय गोड लागतो, तो ॲम्प्लिफायर खरा. कर्नलसाहेबांना अब्दुल मुअती डाव्या अंगानं ओरडताना ऐकू येतात. त्या जलशाला माइक एकच होता, त्यामुळे डावं-उजवं असायचं कारण नाही. पण तोफखान्यातल्या माणसाशी दिशेवरून वाद कोण घालणार? गेल्या महिन्यात मन्सूरा आणि पोर्ट सैदहून तीन अनोळखी माणसं खास 'दमनहूरचा माणूस' ऐकायला आली. कापसाच्या गिरणीतला कारकून, ज्याला हयातीत चहावाल्यानंही नावानं हाक मारली नाही, त्याच्यावर आता लोक तास तास बोलतात.

जेवणाचं टेबल अजून ॲम्प्लिफायरकडेच आहे. शुक्रवारी ताई मंडळींना गुंडाळ्या देत नाही, नुसता चहा देते. व्हॉल्व्हची पेटी दाजींनी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे आणि किल्ली कुठं असते ते ताईला ठाऊक आहे.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. मला वाटलं, रागावेल. नवऱ्याच्या आरोळीचं यांनी वजनकाट्यावरचं माप केलं होतं. पाठीमागं कढईत काहीतरी तळल्याचा आवाज येत होता.

"लोक लांबून येतात म्हणतोस?"

"हो, मावशी. पोर्ट सैदहून."

"त्यांना आवडलं असतं ते. तोंडानं बोलले नसते, पण आवडलं असतं." मग म्हणाली, "फक्त जावईबापूंना सांग, हळू लावत जा म्हणावं. घरात ते कधी मोठ्यानं बोलले नाहीत रे."

मी दाजींना निरोप दिला. दाजींनी आवाजाचं बटण थोडं मागं फिरवलं. कर्नलसाहेब मात्र लगेच कुरकुरले, एवढ्या कमी आवाजात बेसचा जीव जातो.