खिंडीपासून तळ्यापर्यंत

माझ्या थोरल्या जाऊबाई जिना उलटा उतरतात. उलटा म्हणजे अगदी उलटा, तोंड वरच्या दाराकडे, पाठ रस्त्याकडे, हात कठड्यावर. आमचं पडदे शिवायचं दुकान बेकरीच्या वरच्या मजल्यावर. जिना हा एवढासा. खाली पाव घ्यायला उभी असलेली माणसं मान वर करकरून हा तमाशा बघतात.

"वहिनी, अहो लोक हसतात!" मी म्हणायचे.

"हसू देत. गुडघा माझा आहे, त्यांचा नाही."

पायमशीनवर जन्म काढला की गुडघा असा सूड घेतो. चढताना गप्प बसतो, सरळ उतरायला लागलं की बोंब मारतो.

आणि या बाईंना डोंगरवाट पुरी करायची होती! बर्फाच्या डोंगरांमधली ती वाट एका दमात होणारी नव्हेच. लोक तिचे टप्पे पाडून चालतात. दरवर्षी दुकानाला सुट्टी लागली की आम्ही दोघी एक टप्पा चालायचो आणि जिथं थांबलो तिथूनच पुढच्या वर्षी सुरुवात करायचो. पहिल्या वर्षी मी कुरकुरतच गेले. सुट्टीत माणसं लोळतात हो, आणि मी पाठीवर बोचकं घेऊन धापा टाकतेय! पण वहिनी एखाद्या वळणावर थांबून "अगं बघ, बघ तरी!" म्हणायच्या आणि माझी कुरकुर घशातच राहायची. खाली ढग, वर ऊन, मधे आम्ही दोघी. "जन्मभर लोकांच्या खिडक्या झाकल्या," त्या म्हणायच्या, "आता मला जरा उघडं बघू दे." असं बोलणाऱ्या बाईवर चिडायचं तरी कसं?

आता एकच टप्पा उरला होता, खिंडीपासून खाली तळ्यापर्यंत. आणि तो सबंध उतार!

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याचा फोटो उजेडात धरला. "ऑपरेशन करावंच लागेल. मग घर, दुकान, बाजार, सगळं करा. डोंगर मात्र विसरा."

"आणि ऑपरेशनच्या आधी?" वहिनींनी विचारलं.

"सरळ उतार उतरलात तर मी जबाबदार नाही."

भाऊजी घरी म्हणाले, "एवढे टप्पे झाले ना? एक राहिला तर काय आभाळ कोसळणार आहे?" दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानात मशीन चालवत राहिल्या आणि दुपारचा चहासुद्धा घेतला नाही. वहिनी चहाला नाही म्हणतात म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं समजायचं.

संध्याकाळी कुलूप लावलं. मी पुढे उतरले, वहिनी मागून उलट्या. त्यांचा तो उतरलेला चेहरा आठवून माझं टाळकंच सटकलं. डॉक्टरीणबाईंवर, भाऊजींवर, त्या मेल्या गुडघ्यावर. मी ओरडले, "जिना उलटा उतरता ना? मग डोंगर का नाही उतरत?"

वहिनी मधल्याच पायरीवर थांबल्या. "तिथं कठडा कुठाय?"

"मी आहे ना!"

तोंडातून शब्द गेला तो गेला. वहिनींनी सकाळी जाड पट्टीचा कमरपट्टा शिवला. दुहेरी शिवण, मागे धरायला मूठ. मला म्हणाल्या, "ओढून बघ." मी सगळा जोर लावून ओढलं. शिवण तसूभर हलली नाही.

पलीकडच्या बाजूनं खिंडीपर्यंत गाडी जाते. ऑपरेशनच्या आधी, सुट्टी लागताच आम्ही तिथं उतरलो, वहिनींनी तळ्याकडे पाठ केली आणि वाट सुरू झाली. मी खालच्या बाजूला, एक हात पट्ट्याच्या मुठीवर, नजर दगडांवर. "डावा पाय. खोल आहे, सावकाश. आता उजवा. इथं मोकळं आहे." भरभर उतरणारी एक टोळी आमच्याशेजारून गेली. त्यातला एकजण खुदकन हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा "नमस्कार" म्हणून पुढे पळाला.

वहिनींना त्याचा पत्ताही नव्हता. "अगं, हा तर मोठा होतोय!"

"कोण?"

"डोंगर! आपण जेवढं खाली जातोय तेवढा हा वर चढतोय. बर्फावर ऊन आलंय बघ. कड्याला कशा चुण्या पडल्यात, एकसारख्या! एवढ्या सारख्या मलाही जमल्या नसत्या."

मी दगड सांगायचे, त्या डोंगर सांगायच्या. वरून पडणारं पाणी वाटेतच वाऱ्यानं उडून जातं म्हणाल्या. ढगाची सावली कड्यावरून उतरतेय म्हणाल्या, आपल्यापेक्षा जलद. कपाळावर घाम, दुखण्यानं ओठ आवळलेले, पण तोंडातून एक "आई गं" नाही. धन्य आहे ही बाई, मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायची सोय नाही, लगेच डोक्यावर बसतील.

"किती राहिलं गं?" मधूनमधून विचारायच्या.

"हे काय, आलंच!" मी ठोकून द्यायचे. अर्ध्या वाटेवरही आलंच, त्याच्या आधीही आलंच.

ऊन कलायला आलं तसा उतार सपाट होत गेला. शेवटचं वळण घेतलं आणि मला तळं दिसलं. काठावर वाटेच्या शेवटाचा पिवळा खांब. अगदी पुढ्यात.

"किती राहिलं गं?"

मी मान वळवून वर बघितलं. वहिनींचे डोळे डोंगरावरून हलत नव्हते. लहान पोरीचा असतो ना, तसा चेहरा झाला होता. खांबाला हात लागला की संपलं. पुढच्या वर्षी सुट्टी लागेल, आणि वहिनी घरी असतील.

"बराच आहे अजून," मी म्हटलं. "घाई करू नका."

वहिनी थांबल्या. "दिवसभर आलं आलं म्हणत होतीस. आता बराच कसा झाला?"

मी पट्ट्याची मूठ आणखी घट्ट आवळली.

"सोड तो पट्टा," वहिनी हळूच म्हणाल्या. "इथं शेजारी ये. आणि वळ. सकाळपासून तू फक्त दगड बघितलेस."

मी वळले. आईशप्पथ, एवढं मोठं काही मी जन्मात बघितलं नव्हतं. त्या सबंध उंचीवरून ही बाई दुखऱ्या गुडघ्यानं ओठ आवळून खाली आली होती, आणि मला वाटत होतं मी तिला आणलं. माझे डोळे वाहायला लागले ते लागलेच.

वहिनींनी मागे न बघता आणखी दोन पावलं मागे टाकली, एक हात पाठीमागे नेला, चाचपला, आणि जिन्याचा कठडा धरावा तसा खांब घट्ट धरला.

"आलो ना?"

"हो, वहिनी. आलो."

"मग आता काही सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "अंधार पडेस्तोवर मी अशीच उभी राहणार आहे."