चौदा नंबरचा ढीग

दर शुक्रवारी सकाळी काउको लास्कानेन शेजारच्या इर्या इम्मोनेनच्या पायरीवर माशांची पिशवी ठेवायचा आणि दर शुक्रवारी इर्या दार उघडून म्हणायची, "बरं झालं. मांजर उपाशीच होतं."

पिशवीत दोन किलो मुइकू असत. ही बोटभर लांबीची चांदीसारखी मासळी दोन किलो संपवणारं मांजर आमच्या कुइक्कानिएमी गावात काय, अख्ख्या साइमा सरोवराच्या काठावर जन्मलेलं नाही. पण आमच्याकडे कुणी कुणाचे सरळ आभार मानत नाही. कुणी घर शाकारून दिलं तर म्हणायचं, पावसाला आता दुसरीकडे जावं लागेल. समोरच्याला कळतं. काउकोलाही कळायचं, आणि तिथेच त्याचा जीव कासावीस व्हायचा, कारण ते आभार त्याचे नव्हतेच.

काय झालं होतं ते सांगून टाकतो. एकतीस वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका सकाळी काउकोने जाळं ओढलं तर ते भलतंच जड लागलं. आत नोर्पाचं पिल्लू होतं. नोर्पा म्हणजे आमच्या सरोवरातला सील. जगात दुसरीकडे कुठे तो नाही, आणि इथेही तेव्हा दोनशेच्या आसपासच उरले होते. पिल्लू बुडून मेलेलं. डोळे उघडे. काउकोने जाळं कापलं, पिल्लू पाण्यात सोडलं आणि तो होडी वल्हवत घरी आला. उद्या सांगू कुणालातरी, असं त्याने ठरवलं.

रात्रीतून वारा फिरला. सकाळी पिल्लू ओइवा इम्मोनेनच्या जाळ्याच्या लाल बोयांपाशी तरंगत होतं.

ओइवा हा इर्याचा नवरा. माझं जाळं रिकामं होतं हो, असं तो बिचारा घसा कोरडा पडेपर्यंत सांगत राहिला. पण वर्तमानपत्रात फोटो आला, आणि त्यात ओइवाच्या लाल बोया स्पष्ट दिसत होत्या. किराणा दुकानात पेसोनेनने त्याला 'नोर्पामार' म्हटलं. पेसोनेनच्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना माहीत, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. ओइवाने जाळी शेडमध्ये टांगली आणि मरेपर्यंत पुन्हा पाण्यात टाकली नाहीत. मासेमारीशिवाय दुसरं काही न येणारा माणूस, पुढची पंचवीस वर्षं लाकूड गिरणीत फळ्या मोजत बसला.

काउको तोंडात मूग गिळून बसला. तो वाईट माणूस नाही, नुसता भित्रा. आणि भित्र्या माणसाचा उद्या लवकर येत नाही. सांगायचं धाडस होईना म्हणून त्याने मासे न्यायला सुरुवात केली. ओइवाने ते मासे लोण्यात तळून मिटक्या मारत खाल्ले. "गावात एक तू तेवढा माणूस आहेस," असं तो म्हणायचा, आणि काउकोला रात्री जेवण जायचं नाही.

ओइवाला जाऊन सहा वर्षं झाली. मासे चालूच राहिले.

यंदाचा हिवाळा नावालाच हिवाळा होता. जानेवारीत सरोवर कसंबसं गोठलं, पण बर्फ भुरभुरला तेवढाच. नोर्पाची मादी काठालगतच्या बर्फाच्या ढिगात खालून, पाण्यातून येऊन घर कोरते आणि तिथे पिल्लाला जन्म देते. ढीगच नसेल तर पिल्लू उघड्यावर पडतं, मग थंडी आणि कोल्हा मिळून त्याचं काय ते उरकतात. म्हणून अशा वर्षी राष्ट्रीय उद्यानाची माणसं आणि गावकरी मिळून हाताने ढीग घालतात. उद्यानातली रीक्का दारोदार फिरून माणसं गोळा करत होती.

"इर्याकाकू म्हणाल्या, तुम्हीही याल," ती काउकोला म्हणाली. "सरोवराचा तळ तुमच्याइतका कुणाला ठाऊक नाही म्हणे."

"तळ ठाऊक आहे," काउको म्हणाला. "वरचंच काही कळत नाही हल्ली."

हे आमच्याकडे हो म्हणणं झालं.

शनिवारी सूर्य क्षितिजावर कोपर टेकतो ना टेकतो तोच सगळे बर्फावर उतरले. दोघादोघांच्या जोड्या केल्या. चौदा नंबरचा ढीग काउको आणि इर्याच्या वाट्याला आला. जागा इर्यानेच दाखवली, छोट्या खडकाळ बेटाची उत्तर बाजू, वाकड्या पाइनखाली. काउकोने छिद्र पाडून पाहिलं, बर्फाचा थर वीतभर जाड होता. मग दोघांनी रुंद पत्र्याची फावडी घेतली आणि ते पन्नास पावलांवरून वरचा भुसभुशीत बर्फ खरवडून ढकलत आणायला लागले. ढीग आठ मीटर लांब हवा आणि कमरेच्या वर उंच.

"मऊ ठेव," इर्या ओरडली. "तुडवू नकोस. तिला खालून कोरायचंय, तुझ्यासाठी ओटा नाही घालत आपण."

"मी काय तुडवतोय? मी आहेच केवढासा."

"पोटाला विचार."

दुपारपर्यंत अर्धा ढीग झाला. इर्याने थर्मास काढला, दोघं खडकावर बसले. ती सत्तरीची, तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. दोघांच्या कपाळावरून वाफ निघत होती.

"ही जागा ओइवाची," इर्या म्हणाली. "जाळी सोडल्यावरही तो इथे यायचा, मे महिन्यात. या खडकावर मादी ऊन खात पडायची, तो लांबून दुर्बिणीतून बघत राहायचा. म्हणायचा, हिचंच होतं गं ते पिल्लू, हिला तरी माहीत असेल मी नव्हतो तो." तिने कप काउकोच्या हातात दिला. "एक तू तेवढा त्याला कधी टाकून बोलला नाहीस. ते मी विसरले नाहीये हं."

काउकोने कप तसाच धरला. एकतीस वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं आणि त्याला आवरेना.

"ते माझ्या जाळ्यात मेलं, इर्या."

"काय?"

"पिल्लू. माझ्या जाळ्यात. मी जाळं कापून सोडलं. वाऱ्याने तुमच्याकडे आलं."

इर्याने थर्मासचं झाकण हळूहळू फिरवून बंद केलं.

"आणि मासे किती वर्षं आणतोयस?"

"एकतीस."

"म्हणजे मांजरासाठी नव्हते."

"नव्हते."

काउकोला वाटलं, ती रडेल, मारेल, काहीतरी फेकेल. त्याला ते हवं होतं. इर्या उठली आणि तिने फावडं हातात घेतलं.

"मला कशाला सांगितलंस?" तिचा आवाज फाटला होता. "मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता रे. पहिल्या दिवसापासून. गावात ज्या एकीला खरं माहीत होतं, तिलाच येऊन सांगतोस? एकतीस वर्षं थांबून?"

काउकोने कप खडकावर ठेवला.

"चार मीटर राहिलेत," ती म्हणाली. "उजेड जाईल. तू तिकडून घाल, मी इकडून घालते."

दोघांनी ढीग पुरा केला. तिच्या बाजूचा ढीग जास्त नीट झाला.

पुढच्या शुक्रवारी त्याने पायरीवर ठेवलेली पिशवी संध्याकाळी त्याच्याच पत्रपेटीला लटकलेली सापडली. सोबत चिठ्ठी होती: 'मांजर आता मासे खात नाही.' काउको चिठ्ठी हातात धरून उभा होता तेवढ्यात ते मांजर स्वतःच कुंपणावरून आलं, पिशवीत डोकं घालून बसलं आणि पोटभर मासे खाऊन मिशा पुसत घरी गेलं. त्यानंतर दर शुक्रवारी ते न चुकता येऊ लागलं. काउकोने हे कुणाला सांगितलं नाही. सांगायचं होतं ते वेगळंच होतं आणि कुणाला सांगायचं तेही आता कळलं होतं. फक्त पाय उचलत नव्हता.

एप्रिलच्या शेवटी बर्फ खचला, ढीग कोसळले आणि माणसं नोर्पांची घरं मोजून आली. त्या रविवारी गावच्या सभागृहात सगळे कॉफीला जमले. वेलचीचे गोड पाव होते, लांब टेबलं होती, आणि कॉफी वाढायला नेहमीप्रमाणे इर्या होती. रीक्का यादी वाचत होती. तीन नंबरला काही नाही. सातला नुसतं विश्रांतीचं घर, पिल्लू नाही. नऊ वाहून गेला.

"चौदा," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "चौदाला पिल्लाचे केस सापडले. आणि परवा पिल्लूही दिसलं. खडकावर, आईबरोबर. चांगलं गुटगुटीत आहे."

टाळ्या झाल्या. पेसोनेन टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "शाबास, काउको! नोर्पामाराच्या बायकोबरोबर राहून तू बघ नोर्पा जन्माला घातलास!" एकदोघं हसले. सवयीने हसले, त्यात वाईट हेतू नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

इर्याच्या हातातली किटली हलली नाही. तिने मान खाली घातली, एवढंच. इतकी वर्षं घालत आली होती तशी.

काउको उठून उभा राहिला. आमच्याकडे माणूस लग्नात आणि मयतातसुद्धा बसूनच बोलतो, त्यामुळे सभागृह आपोआप गप्प झालं.

"ते पिल्लू ओइवाने मारलं नाही," काउको म्हणाला. आवाज शेवटच्या टेबलापर्यंत पोचत होता. "ते माझ्या जाळ्यात मेलं. मी जाळं कापून ते टाकून दिलं आणि गप्प बसलो. ओइवाचं जाळं रिकामं होतं. तो खरं सांगत होता. नाव द्यायचंच तर मला द्या."

पेसोनेनच्या तोंडात पावाचा घास होता, तो त्याला गिळताही येईना आणि काढताही येईना. मागच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. काउको उभाच राहिला.

इर्या किटली घेऊन निघाली. तिने एकेका कपात कॉफी ओतली. पेसोनेनचा कप तिने तसाच कोरडा ठेवला आणि पुढे गेली. सगळ्यांत शेवटी ती काउकोपाशी आली. त्याचा कप काठोकाठ भरला. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

"मांजर म्हातारं झालंय," ती म्हणाली. "दर शुक्रवारी तुझ्याकडे चालत येणं त्याला झेपत नाही. तूच आण." मग तिने किटली खाली ठेवली. "जाळ्यातले नकोत. गळाला लागतील तेवढेच आण."

"कमी लागतील," काउको कसाबसा म्हणाला.

"मांजराला पुरतील," इर्या म्हणाली. "बस आता खाली. कॉफी गार होतेय."