गाडी पुढे, तोंड मागे

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. सहलीच्या बसमध्ये चालकाच्या शेजारी आकड्याला अडकवलेला असतो ना, तोच. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे. बटण दाबले की माझ्यातून आधी खाकरल्यासारखा आवाज निघे आणि मग पुढचे शब्द. सध्या माझा मुक्काम याच बसच्या खणात आहे. सोबतीला जळके फ्यूज, कुणाचा तरी कंगवा आणि एक हातमोजा. हातमोज्याचा जोडीदार हरवल्यापासून तो तोंड उघडत नाही, म्हणून माझी कहाणी तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसून बायका माझ्यासारख्यांना जोडत असत. कुणी जाळी बसवी, कुणी बटण. शेवटच्या बाईने मला ओठांजवळ धरले आणि कंटाळलेल्या सुरात म्हटले, "एक, दोन, तीन." मग ती मान डोलावून म्हणाली, "चांगला आहे." बस्स, मी हवेतच! वाटले, आता आपण सभा गाजवणार, गाणी गाणार. पण मला वेटोळ्यांची एक वायर जोडली गेली आणि तिचे दुसरे टोक या बसच्या पुढच्या फळीत स्क्रूने पक्के झाले. कितीही ताणली तरी ती वायर दुसऱ्या रांगेपलीकडे जात नसे. तिसऱ्या रांगेपासूनचे जग मला ऐकूनच माहीत आहे.

आमची बस परदेशात फिरायला आलेल्या आपल्या भाषेच्या लोकांना हिंडवत असे. सकाळी हॉटेल, मग तळे, काचेचा कारखाना, डोंगरावरचा किल्ला आणि संध्याकाळी पुन्हा हॉटेल. रोज तेच. त्या तळ्याचे पाणी कसे निळेशार आहे, हे माझ्या तोंडून किती लोकांनी ऐकले असेल! पण मी ते तळे पाहिलेले नाही. गाडी वाहनतळावर थांबली की दार उघडे, सगळे खाली उतरत आणि मी आकड्याला लटकून समोरची भिंत बघत बसे.

माझ्या हातून, म्हणजे मी ज्यांच्या हातात असे, असे बरेच गाईड गेले. एक जण माझ्या जाळीने पाठ खाजवी. एकाला गाण्याची हौस होती आणि त्याला थांबवायची कुणाची छाती नव्हती. आणि मग एक दिवस ती आली.

सगळे तिला गाईडताई म्हणत. पहिल्या दिवशी तिने मला इतके घट्ट आवळले की माझी जाळी चेपते की काय असे मला वाटले. "नमस्कार मंडळी," एवढे म्हणून ती पुढचे सगळे विसरली. आमचे चालककाका म्हणजे मुरलेला माणूस. त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता हळूच म्हटले, "पोरी, ही मंडळी सुट्टीवर आहेत. तू काहीही बोललीस तरी हसतील." आणि खरेच, ती काहीतरी बोलली आणि मंडळी हसली.

पुढे ती चांगलीच तयार झाली. गाईडने प्रवाशांकडे तोंड करून उभे राहायचे, अशी कंपनीची शिस्त होती. गाडी पुढे जाणार आणि हिचे तोंड मागे. त्यामुळे प्रवाशांचा डावा हात म्हणजे हिचा उजवा. सुरुवातीला ती सारखी चुकत असे. "उजवीकडे बघा, घंटाघर!" म्हणायची आणि सगळी बस एका चपलांच्या दुकानाकडे भक्तिभावाने बघायची. मग तिने मनाशी घोकून घोकून सगळे उलटे करून घेतले. उजवा हात वर करायचा आणि तोंडाने "डावीकडे" म्हणायचे. महिन्याभरात ते अंगवळणी पडले. लोक उतरताना तिचे कौतुक करत. एक आजोबा तर म्हणाले, "बाई, तुमचा आवाज म्हणजे घरचा आवाज." ते कौतुक अर्धे माझे होते, असे मी अजून मानतो.

पण घर म्हणाल तर तिचे फार लांब होते. तिची एक मुलगी होती, ठकी. ठकीला मावशीकडे ठेवून ती इथे आली होती. तेव्हा ठकी बोबडे बोलत होती आणि आता ती शाळेत जोडाक्षरे लिहीत होती. ताईचा या देशात राहण्याचा परवाना कंपनीच्या नोकरीला बांधलेला. नोकरी सुटली की परत जायचे. राहायला कंपनीची खोली, तीत चार जणी आणि घरच्यांना आणायला बंदी. या कचाट्यातून सुटायचा एकच मार्ग होता. प्रवासी गाडी चालवण्याची सरकारी परीक्षा पास व्हायची, छोटी गाडी घ्यायची आणि स्वतःच गाईड, स्वतःच चालक होऊन सहली काढायच्या. मग परवाना स्वतःच्या नावावर मिळणार आणि ठकीला आणता येणार.

गाडी ती उत्तम चालवी. वाहनतळ रिकामा असला की काका तिला शिकवत. तरी ती नापास झाली. परीक्षक म्हणाले, "पुढच्या चौकात डावीकडे घ्या," आणि हिने दिमाखात उजवीकडे घेतली.

"अगं, भर चौकात?" काका हसत सुटले होते.

"हसू नका ना काका," ती म्हणाली. "डावी म्हटलं की माझा हात आपोआप उजवीकडे जातो. मी काय करू?"

काकांचे हसू तिथेच विरले. तिचा चेहरा रडवेला झाला होता. दुसऱ्या वेळी चूक होऊ नये म्हणून ती इतका विचार करत बसली की चौकाच्या मधोमध गाडी बंद पडली. आता एकच संधी उरली होती. तिसऱ्यांदा नापास झाले की कित्येक वर्षे पुन्हा परीक्षेला बसू देत नाहीत. ज्या कसबावर तिची नोकरी टिकली होती, त्यानेच तिला पक्के जखडून ठेवले होते. मी तिच्या मुठीत होतो आणि मला तिची मूठ घामाने ओली झालेली कळत असे. माझीही वायर तेवढीच होती. मला तिचे दुःख कळायला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच सुमारास मावशी ठकीला घेऊन आली. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना एकदा फुकट सहल घडवण्याची कंपनीत पद्धत होती. ताई आदल्या दिवसापासून हवेत होती. सकाळी हॉटेलसमोर बस थांबली. ती उडी मारूनच खाली उतरली आणि तिने हात पसरले.

ठकी मावशीच्या मागे लपली.

"अगं, ही काय आई!" मावशी म्हणाली.

ठकीने मान वर करून नीट पाहिले. मग मावशीचा पदर ओढून ती म्हणाली, "मावशी, आईला फोन लाव ना. सांग, आम्ही पोचलो."

दार उघडे होते, म्हणून मला हे ऐकू आले. ऐकू आले नसते तर बरे झाले असते. ताईने पसरलेले हात हळूच खाली घेतले, प्रवाशांच्या बॅगा मोजायचे निमित्त केले आणि ती बसच्या मागच्या बाजूला गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

मावशीने ठकीला पुढच्या बाकावर बसवले. गाडी निघाली. ताईने मला उचलले, मी खाकरलो आणि ती म्हणाली, "नमस्कार मंडळी." तशी ठकी ताडकन उठून उभी राहिली. "आई!" ती ओरडली, पण ताईकडे बघून नाही. डोक्यावरच्या छतात एक कर्णा बसवलेला होता, त्याच्याकडे बघून. या आवाजाची तिला ओळख होती. शाळेतल्या भांडणापासून पडलेल्या दातापर्यंत सगळे तिने फोनवर याच आवाजाला सांगितले होते. चेहरा मात्र तिच्या लेखी परका होता.

ताईने काय केले असेल? कंपनीची शिस्त गुंडाळून ठेवली आणि ती ठकीच्या शेजारी जाऊन बसली. तोंड रस्त्याकडे, पाठ प्रवाशांकडे. ठकीला तिचा चेहरा बघायची सक्ती नको, असे तिच्या मनात असावे. नुसता आवाज जवळ यावा. ती तशीच बोलू लागली. पहिल्याच वळणावर ती सवयीने म्हणाली, "डावीकडे घंटाघर," आणि तिचा उजवा हात वर गेला.

"चुकलं!" ठकी म्हणाली. "डावा हात हा." आणि तिने आईचा डावा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

दिवसभर तिने तो सोडला नाही. ताईने "डावीकडे" म्हणायचे आणि ठकीने हात दाबायचा, असा त्यांचा खेळच झाला. तळे आले, कारखाना आला, किल्ला आला. परतीच्या वाटेवर मंडळी पेंगत होती. ठकीने मला आईच्या मुठीतून सोडवून घेतले आणि बटण दाबले.

"हॅलो, आई?"

"बोल ना," ताई शेजारून म्हणाली.

"हे सगळे हॉटेलवर उतरले की तू कुठे उतरतेस?"

"मी नाही उतरत गं. गाडी धुवायला नेतात, तिच्याबरोबर मी जाते."

"आणि उद्या?"

"उद्या परत हेच."

"मग तू उतरणार कधी?"

हे सगळे छतातल्या कर्ण्यांतून बसभर गेले. पेंगणारी मंडळी जागी झाली. मागच्या रांगेत कुणाच्या तरी खाऊच्या पुड्याची चुरचुर चालली होती, तीही थांबली. ताईने मला ओठांजवळ नेले. बटण दाबले. मी सवयीने खाकरलो. ती म्हणाली, "मंडळी, उजवीकडे आपलं हॉटेल." उजवीकडे खरेच हॉटेल होते.

ठकी आणि मावशी परत गेल्या. ताई मात्र त्या दिवसापासून रस्त्याकडे तोंड करूनच बोलू लागली. लवकरच कंपनीचे साहेब बसमध्ये चढले.

"तक्रार आलीय," ते म्हणाले. "तुम्ही लोकांना पाठ दाखवता."

"आरशात दिसतात मला सगळे, साहेब."

"नियम म्हणजे नियम. असंच चाललं तर पुढचा करार विसरा."

"एवढी फेरी होऊ द्या," ताई शांतपणे म्हणाली. साहेब पाय आपटत उतरले. काकांनी नुसती भुवई उंचावली. करार संपला की नोकरी जाणार, परवाना जाणार, आणि त्याच्या आधी तिसरी परीक्षा. तिने सगळे त्या एका परीक्षेवर लावले होते. माझा जीव टांगणीला लागला. तसा मी टांगलेलाच होतो, पण ते वेगळे.

परीक्षेच्या दिवशी माझ्याजवळ कुणीच नव्हते. दुसऱ्या दिवशी काका गाडीत बसून आपल्या बायकोशी फोनवर बोलत होते, तेव्हा मला कळले. "झाली पास! परीक्षक डावीकडे म्हणाले आणि पोरीने डावीकडेच घेतली. मला म्हणते, काका, कुणीतरी हात दाबल्यासारखं झालं बघा." माझा जीव भांड्यात पडला.

ताई जायच्या दिवशी मला नेऊ पाहत होती. तिने साहेबांना विचारलेही. साहेब म्हणाले, "कंपनीचा माल आहे." तिने चेपलेल्या जाळीवरून एकदा अंगठा फिरवला आणि मला आकड्याला अडकवले. मला फार वाईट वाटले, ते मी लपवणार नाही. माझ्यासाठी कुठली परीक्षा नव्हती की परवाना. नवा गाईड आला, तो कानाला लावायचा चिमुकला माईक घेऊनच. एका कारागिराने माझी वायर कापली. आयुष्यभर जिच्या नावाने बोटे मोडली ती वायर गेली आणि तिच्याबरोबर माझा आवाजही गेला. मग मला खणात टाकले आणि खण लावून घेतला.

बाहेरचे ऐकू येते तेवढेच आता. ताईने छोटी गाडी घेतली, ठकीला आणले, हे काकांच्या बोलण्यातून कळले. तिच्या गाडीत माणसेच मोजकी, त्यामुळे माईक लागत नाही म्हणे. पण ठकीचे मात्र अवघड होते. दोन खोल्यांचे घर, तरी आतल्या खोलीतून ती बाहेरच्या खोलीत आईला फोन करी. समोर बसली की मान खाली. ताई फोन उचलून तिच्याशी बोले आणि मग भिंतीकडे बघत बसे. आणायला आणली, पण पोर अजून लांबच आहे, असे काका बायकोला सांगत होते.

परवा मात्र काकांचा सूर निराळा होता. "काल जेवायला गेलो होतो पोरीकडे," ते फोनवर सांगत होते. "शाळेची गडबड चाललेली. तेवढ्यात आतून ठकी काय बोंबलली! 'आईऽऽ! माझा दुसरा मोजा कुठाय?' सगळी चाळ गोळा व्हावी असा आवाज. फोन टेबलावर तसाच पडलेला. आणि आपली गाईडताई हातात पोळी लाटायचं लाटणं घेऊन उभी. रडतेय काय, हसतेय काय! मी म्हटलं, अगं, मोजा दे तिला आधी. तर म्हणते, थांबा काका, अजून एकदा ओरडू दे."

मित्रांनो, तुम्हीही आतल्या खोलीतून आईला अशीच हाक मारत असाल आणि "केवढ्याने ओरडतोस!" म्हणून ती रागावत असेल. रागावू द्या तिला. ती जवळ असेल तेव्हा फोन खाली ठेवा आणि खुशाल ओरडून विचारा, माझा मोजा कुठाय.