डबा, अस्वल आणि ऑर्विल ट्वेट

सव्वीस उन्हाळे ऑर्विल ट्वेटनं उत्तरेकडच्या एका राष्ट्रीय पार्कातल्या एकुलत्या एका रस्त्यावर हिरवी बस चालवली, आणि सव्वीस उन्हाळे तो त्या रस्त्यापलीकडच्या जगाबद्दल माइकवरून बोलत राहिला. अस्वल दिसलं तर काय करावं, मूस नावाचं ते धिप्पाड सांबर अंगावर आलं तर काय करू नये, नदी दिवसाच्या कुठल्या वेळी ओलांडावी, सगळं त्याला तोंडपाठ. पाठीवर बोचकी बांधलेल्या हजारो माणसांना त्यानं माळावर उतरवलं, "पायवाट शोधू नका, इथे नाही. तुम्हीही पाडू नका," असं बजावलं आणि दार लावून घेतलं. स्वतः तो रस्ता सोडून सगळ्यात लांब गेला होता, तो झुडपामागे. तेसुद्धा बसचं इंजिन चालू ठेवून.

ही गोष्ट युला डेमोस्कीच्या लक्षात आली नसती तर काही बिघडलं नसतं. युला ड्रायव्हरांच्या मेसमध्ये स्वयंपाक करायची. युकॉन नदीच्या काठी मासे सुकवत लहानाची मोठी झालेली बाई. वय अठ्ठावन्न, नवरा जाऊन आठ वर्षं झालेली. ऑर्विल त्रेसष्टचा आणि जन्माचा एकटा. जूनमध्ये, सूपची दुसरी वाटी घेता घेता, त्यानं तिला लग्नाचं विचारलं.

युलानं पळी खाली ठेवली नाही. "मला एक सांग, मी तुझ्याशी लग्न करायचं की तुझ्या माइकशी?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे तू निवृत्त झालास की माझ्याबरोबर दोन रात्री बाहेर काढ. तिसऱ्या सकाळपर्यंत रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. मग सांगते."

"नाही टाकलं तर हो म्हणशील?"

"नाही टाकलं तर सांगते म्हटलं."

ऑगस्टमध्ये ऑर्विल निवृत्त झाला, आणि शेवटच्या आठवड्यात दोघं निघाली. परवान्याच्या खिडकीवर एका पोरगेल्या रेंजरबाईनं त्यांना काळ्या प्लास्टिकचा जाडजूड गोल डबा दिला. रानात जायचं तर सगळं अन्न या डब्यात ठेवायचं, अस्वलाला तो उघडता येत नाही. झाकणावर तीन खटके सपाट बसवलेले असतात आणि त्यांच्या खाचेत नाणं घालून ते फिरवावे लागतात. मुलीनं टेबलाला दोऱ्यानं बांधलेल्या नाण्यानं ते करून दाखवलं. "एक नाणं जवळ ठेवा हं," ती म्हणाली.

"पोरी," ऑर्विल म्हणाला, "हे मी तुझ्या जन्माच्या आधीपासून सांगतोय."

मग त्यानं स्वतः डबा भरला. वास येणारी प्रत्येक वस्तू आत, हा नियम. सुकवलेला सॅमन मासा, कडक बिस्किटं, चीज, कॉफी, टूथपेस्ट, साबण, ओठांना लावायचं मलम. युलानं सॅमनची एक पट्टी खिशात सरकवली होती, ती त्यानं काढायला लावली. चमचे आत गेले. सकाळी ज्यानं सॅमन कापला होता तो चाकूही त्यानं हुंगून पाहिला आणि आत टाकला.

"चाकू लागेल," युला म्हणाली.

"नियम म्हणजे नियम," म्हणत ऑर्विलनं झाकण दाबलं. तीनही खटके टकटक बंद झाले. बंद व्हायला नाणं लागत नाही.

दुपारी बसनं त्यांना उतरवलं. बस ऑर्विलचीच, पण आता ती टॅन्सी चालवत होती. चोवीस वर्षांची, त्याच्याच हाताखाली तयार झालेली. "उस्ताद, जपून," ती म्हणाली, आणि चाळीस प्रवाशांदेखत तिनं त्याला सलाम ठोकला. ऑर्विलनं टोपीला हात लावला. टोपीवर त्याचा पितळी बिल्ला चमकत होता. त्यावर बस कोरलेली आणि खाली अक्षरं, 'पंचवीस वर्षं, अपघात शून्य'. तो बिल्ला काढून टोपी धुवायलाही तो देत नसे.

एकामागे एक चाललं की पायवाट पडते, म्हणून इथे शेजारी शेजारी, मध्ये आठदहा पावलं सोडून चालतात. ऑर्विलला ते जमेना. आयुष्यभर लोकांच्या पुढे बसलेला माणूस, दर दोन मिनिटांनी तो पुढे निघायचा आणि युला हाक मारायची, "ड्रायव्हरसाहेब, मागे गाडी आहे." जमीन तांबडी-जांभळी झाली होती, पाय ओल्या गादीवर पडल्यासारखे रुतत होते. अस्वलाला आधी चाहूल लागावी म्हणून तो ठणठणीत आवाजात ओरडत होता, "अहो अस्वलराव! आम्ही येतोय हो!" एक कॅरिबू, तिकडचं रानटी रेनडिअर, मान वर करून त्याच्याकडे पाहत राहिलं. हे अस्वलाला सांगायचं असताना आपल्याला का सांगतायत, असा त्या कॅरिबूचा चेहरा होता.

रस्त्यावरून तंबू दिसता कामा नये, म्हणून टेकाडाच्या पलीकडे तंबू ठोकला. तंबूपासून शंभर पावलांवर चूल मांडायची जागा, आणि तिथून शंभर पावलांवर डबा. ऑर्विलनं पावलं दोनदा मोजली. मग जेवायची वेळ झाली, आणि त्यानं खिशात हात घातला.

नाणं नव्हतं.

शेवटचं नाणं आपण कधी हाताळलं हे त्याला आठवेना. मेसमधली कॉफीसुद्धा तो कार्डावर घ्यायचा. युलाच्या खिशात रुमाल आणि चष्म्याचं घर. "चाकू," ऑर्विल म्हणाला, आणि मग त्यानं डब्याकडे पाहिलं.

नखानं पाहिलं, नख गेलं. तंबूची खुंटी गोल होती. चपटा दगड खाचेत मोडला. बँकेचं कार्ड घातलं, तर त्याचा कोपरा मोडून खाचेतच अडकला, आणि तो काढायला अर्धा तास गेला. एवढ्या वेळात ऑर्विलनं या डब्याची रचना किती विचारपूर्वक केली आहे ते युलाला समजावून सांगितलं. कुठल्या प्राणिसंग्रहालयात अस्वलांना दिवसभर देऊन याची परीक्षा घेतली, त्यात पास झालेलाच डबा रानात येतो, वगैरे.

युला ब्लूबेरी तोडत होती. मूठभर तोंडात, मूठभर टोपीत. "तुझं झालं की ये," ती म्हणाली. "यंदा गोड आहेत."

"अगं, नुसत्या बेऱ्यांवर दोन दिवस?"

"समोरच्या उतारावर बघ. तीनशे किलोचा गडी महिनाभर त्यावरच आहे."

उतारावर खरंच एक पिवळसर अस्वल पाठ करून चरत होतं. ऑर्विलनं नियमाप्रमाणे अंतर मोजलं, वारा पाहिला आणि मग चार तास बेऱ्या खाल्ल्या. झोपताना त्याचं पोट गुरगुरलं तेव्हा युला दचकून उठून बसली आणि म्हणाली, "बाहेर आहे की आत?"

सकाळी अस्वल डब्यापाशी आलं.

दोघं टेकाडाच्या टोकावर, एकमेकांना चिकटून, मोठं दिसावं म्हणून हात वर करून उभी राहिली. अस्वलानं त्यांची दखल घेतली नाही. त्यानं आधी नखानं पाहिलं. मग दात लावले. मग एका दगडावर डबा दोनदा आपटला. मग त्यावर बसून विचार केला.

"तू काल असाच बसला होतास," युला कुजबुजली. "याचा चेहरा जरा शहाणा आहे एवढंच."

शेवटी अस्वलानं पंजानं डब्याला ढकललं. डबा उतारावरून गडगडत टेकाडाच्या अलीकडे, नदीच्या गोट्यांमध्ये जाऊन थांबला. अस्वल डुलत त्याच्यामागे गेलं, आणि अन्न तिकडे म्हणून ही दोघं लांबून त्याच्यामागे. तेवढ्यात नदीपलीकडून ब्रेकची ओळखीची कुई ऐकू आली. रस्ता तिथे वळून जवळ येत होता. हिरवी बस उभी राहिली, सगळ्या खिडक्या खाली आल्या, आणि सकाळच्या शांत हवेत माइकवरचा आवाज स्पष्ट आला.

"मंडळी, हात आणि मोबाइल खिडकीच्या आत. समोर मोठं नर अस्वल. ते आज नाश्त्याला काय खाणार? जे मिळेल ते! आणि त्याच्या मागे, घड्याळातल्या दोन वाजताच्या दिशेला..." टॅन्सी थबकली. "दोन वाजताच्या दिशेला दोन मोठी माणसं. एक मादी. एक नर. नराच्या तोंडाभोवतीचा जांभळा रंग या ऋतूत येतो."

बस हसली. ऑर्विलला त्या विनोदातली अर्धी वाक्यं ओळखीची वाटली. ती त्याचीच होती.

अस्वलानं डब्याला शेवटचा एक फटका दिला, आणि नाद सोडून ते नदीच्या वरच्या अंगाला निघून गेलं. बस तशीच उभी राहिली. चाळीस माणसं. चाळीसांत एकाकडे तरी नाणं असणार. नदी इथे घोट्याएवढी. ऑर्विलनं डबा उचलला आणि युलाकडे पाहिलं.

"जा की," ती म्हणाली. "मी काय दावं बांधलंय तुला?"

"मी रस्त्यावर पाऊल टाकणार नाही. नुसता कडेला उभा राहतो. ते फेकतील."

"हं," युला म्हणाली, आणि एका दगडावर बसून टोपीतल्या बेऱ्या खाऊ लागली.

ऑर्विल नदी ओलांडून गेला. रस्त्याचा खडीचा काठ दहा पावलांवर राहिला. चाळीस मोबाइल त्याच्यावर रोखलेले. बसच्या दारातून गरम डिझेलचा आणि कोणाच्या तरी सँडविचचा वास आला. त्याचे पाय आपण होऊन दाराकडे वळले. सव्वीस वर्षांची सवय.

"उस्ताद!" माइक बोलला. "काही हवंय का?"

ऑर्विलनं तोंड उघडलं. मग मागे वळून पाहिलं. नदीपलीकडे युला दिसत होती. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिला जणू या गोष्टीचा शेवट माहीतच होता आणि तो फारसा आवडलेला नव्हता. ऑर्विलनं टोपी काढून डोकं खाजवलं, तेव्हा बिल्ल्याची कड त्याच्या अंगठ्याला लागली. गोल. चपटी. नाण्याएवढी.

त्यानं बिल्ल्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"काही नको!" तो ओरडला. "निघ आता, पुढच्या नाक्यावर उशीर होईल तुला!"

बस गेली. ऑर्विल पाण्यातून परत आला, युलासमोर गोट्यांवर बसला आणि टोपीवरचा बिल्ला त्यानं उपटून काढला. पहिला खटका सहज फिरला. दुसराही. तिसऱ्यात बँकेच्या कार्डाचा तुकडा होता. ऑर्विलनं डोळे मिटून जोर लावला. खटका फिरला, आणि बिल्ला मधोमध वाकला. कोरलेल्या बसच्या बरोब्बर बॉनेटवर चुणी पडली. खाली अक्षरं शाबूत होती: अपघात शून्य.

युलानं सॅमनची पट्टी काढून अर्धी त्याला दिली.

"या बिल्ल्यानं उघडेल, असं मला काल संध्याकाळीच वाटलं होतं," ती म्हणाली.

"काय? मग बोलली का नाहीस?"

"तुझं ते प्राणिसंग्रहालय चाललं होतं."

ऑर्विलला यावर पुष्कळ बोलायचं होतं, पण तोंडात सॅमन होता. त्यांनी कॉफी केली, चीज खाल्लं, बिस्किटं संपवली. मग ऑर्विलनं उरलेलं नीट भरलं. चमचे आत. चाकू आत. बोटांकडे पाहिलं, बिल्ला नाकाशी नेऊन हुंगला. सॅमनचा वास येत होता. त्यानं तो डब्यात टाकला आणि झाकण हातात घेतलं.

"ऑर्विल ट्वेट," युला म्हणाली.

"नियम म्हणजे..." ऑर्विल म्हणाला, आणि थांबला. झाकणाकडे पाहिलं, आत बिल्ल्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

युलानं हात घालून बिल्ला काढला, नदीत वाळूनं खसाखसा घासला, रुमालात गुंडाळला आणि आपल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवून वरून बटण लावलं. "यापुढे हा माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "नियम तू सांगत जा. उघडायचं मी बघीन."

"यापुढे म्हणजे उद्या सकाळपर्यंत ना?"

"उद्या सकाळपर्यंतच ठेवायचा असता तर एवढा घासला असता का मी?"

ऑर्विलनं यावर विचार केला. प्रवाशांच्या प्रश्नांना सव्वीस वर्षं उत्तरं दिली होती त्यानं. स्वतःला मिळालेलं उत्तर ओळखायचा सराव नव्हता.

"पण दुसरी रात्र अजून बाकी आहे," शेवटी तो म्हणाला.

"आहेच. ती सोडायची नाही. झाकण लाव."

खटके टकटक बंद झाले. दोघं टेकाडाकडे निघाली. शेजारी शेजारी, मध्ये आठदहा पावलं सोडून. थोडं गेल्यावर आठाची चार झाली, आणि चाराची एक. पुढे झुडपं दाट होती. ऑर्विलनं ओरडायला छाती भरली, पण आधी युलाकडे पाहिलं.

"ओरड," ती म्हणाली. "तेवढ्यापुरता माइक चालेल."