जुनीवरून नवीवर

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ आली: लॅपटॉप सुरू करता येईल अशी डिस्क सापडत नाही. मिस्त्रींनी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. तीच ओळ. मग मागचं झाकण उघडून नवी एसएसडी डिस्क काढली, फुंकर मारली, परत बसवली. फरक शून्य.

मिस्त्रींचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर घरात, शेजारी, कुठेही काही बिघडलं की ते हत्यारं घेऊन हजर. न बिघडलेलंही यांच्या तावडीतून सुटत नाही, असं बायको हसून म्हणायची. ती भरतकामाचे वर्ग घ्यायची. नक्षीचे नमुने ती वर्षानुवर्षं या लॅपटॉपवर काढत आली होती: वेली, पक्षी, काठांची वळणं. लॅपटॉप हल्ली रडतखडत सुरू व्हायचा, पण तिची काही तक्रार नव्हती. तिचा भाऊ कॉम्प्युटरच्या कामात मुरलेला. रविवारी येऊन मी जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर घेतो, तोवर भावोजींना हात लावू देऊ नकोस, असं त्यानं बजावलं होतं. ते मिस्त्रींना झोंबलं.

ती वर्गावर गेली आणि त्यांनी काम काढलं. नवी डिस्क वायरीनं बाहेरून जोडली. पडद्यावर आतली जुनी डिस्क पहिली आणि बाहेरची नवी दुसरी अशी दिसत होती. त्यांनी पहिलीवरून दुसरीवर कॉपी सुरू केली आणि चहा टाकायला उठले. मध्येच वायर सैल होऊन कॉपी अर्धवट राहिली, हे त्यांना कळलंच नाही. परत आले ते थेट जुनी डिस्क काढून नवी आत बसवायलाच लागले.

आणि आता ही ओळ. सेटिंगमध्ये डिस्क दिसत होती, म्हणजे जोडणी ठीक होती. कॉपीच नीट झाली नसणार, हे त्यांनी बरोबर ताडलं. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू केला, जुनी डिस्क वायरीला लावली आणि मघासारखंच पहिलीवरून दुसरीवर असं निवडलं. दुसरीवरचं सगळं पुसलं जाईल, असा इशारा आला. तो मघाशीही आला होता. त्यांनी होकार दिला.

पण आता आत बसलेली नवी डिस्क पहिली झाली होती आणि बाहेरची जुनी दुसरी.

हे डोक्यात शिरलं तेव्हा काम उरकत आलं होतं. त्यांनी वायर उपटली. थोड्या वेळानं, वेड्या आशेनं, जुनी डिस्क परत आत बसवून पाहिली. तीच पांढरी ओळ.

बायको आली. ते म्हणाले, "जुनी डिस्कच गेली अगं. बसवता बसवता."

"सगळं गेलं?"

त्यांनी मान हलवली. ती खुर्चीवर बसली. जरा वेळानं उठली आणि त्यांचा चेहरा पाहून त्यांनाच पाणी आणून दिलं. "जुनीच होती हो ती. तुम्ही तरी काय करणार?"

मिस्त्रींनी पाणी पिऊन टाकलं.

दुकानात दाखवून तर बघू, असं म्हणून दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन गेली. दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी बराच वेळ डिस्क तपासली. डिस्क चांगली आहे, म्हणाल्या. पण हिच्यावर दुसरं काहीतरी कॉपी केलंय, खालचं आता निघायचं नाही. मिस्त्री टेबलावरच्या स्क्रूंकडे बघत राहिले. बायकोनं बाईंचे आभार मानले आणि डिस्क रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

ती भराभर घराकडे चालत आली. जिन्यात मात्र थांबली.

"नमुने काढीन मी पुन्हा. आठवतील तेवढे," ती म्हणाली. "पण पाणी दिलं तेव्हा तरी सांगायचं होतंत."

चुकलं माझं, एवढंच ते पुटपुटले. तिनं मान हलवली आणि पायऱ्या चढू लागली.

रविवारी भाऊ आला. काय झालं म्हणून विचारू लागला. मिस्त्री तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "जुनी झाली होती रे, गेली." भावानं नव्या डिस्कवर सगळं पहिल्यापासून घातलं. लॅपटॉप आता चुटकीसरशी सुरू व्हायचा. ती त्याला फारसा हात लावायची नाही.

घरात भांडण नव्हतं. जेवायला वाढताना ती पूर्वीसारखीच बोलायची. मिस्त्रीच ताटात अर्धं टाकून उठायचे.

एका दुपारी ती टेबलाशी बसून कागदावर वेल काढत होती. टेबल डुगडुगलं, रेघ हलली. तिनं खोडून पुन्हा काढली, पुन्हा हलली. मिस्त्री दारातच उभे होते. एरवी एव्हाना "अहो" अशी हाक आली असती. ते वाट बघत राहिले.

ती उठली. वाया गेलेल्या कागदाची घडी घातली, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली वाकली आणि ती टेबलाच्या पायाखाली सरकवली. तळहातानं टेबल दाबून पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून ती पुन्हा वेल काढू लागली.